लांबी

माप तूच घेतलंस, चौकटीत चार ठिकाणी टेप लावून,
आणि दोन्हीकडून तीन-तीन मिलिमीटर वजा केलेस.
"घट्ट बसली की तडकते," म्हणालास,
"थोडी हालचाल करायला जागा लागते काचेला."
मी आकडे गॅसबिलाच्या पाठीवर लिहून घेतले.

दुकानातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, कशी फुटली?
तू म्हणालास, सीगल.
डंडीत सीगलच्या नावावर काहीही खपतं.
त्यानं काच वर्तमानपत्रात गुंडाळली, पुट्टीचा डबा दिला,
बसमध्ये मी ती गुडघ्यांत उभी धरली,
हिल्टाउनच्या चढावर बस वळली
तेव्हा दोघीही कललो.

सीगल मी होते.

मंगळवारी पावणेआठ, नाइट संपवून आलेली.
किल्ली फिरत होती, पण आतून कडी.
घंटा वाजवली. फोन लावला,
तो आत वाजताना मला बाहेर ऐकू येत होता.
पत्रं टाकायच्या फटीतून हाका मारल्या,
मुकुंद, मुकुंद, अहो –
बत्तीस वर्षांत मी तुला कधी अहो म्हटलं नव्हतं.
समोरची आयला कुत्र्याला घेऊन थांबली,
कुत्रासुद्धा थांबला.

वीस मिनिटांत माझं सगळं ठरून गेलं होतं.
आधी सानिकाला फोन. मग तुझ्या भावाला,
बार्शीत जेवणं चालली असतील, जरा थांबूनच करावा.
करडा सूट ड्रायक्लीनला टाकलाय,
पावती खणात, बॅटऱ्यांखाली.
इतकी वर्षं वॉर्डात काढली की
माणूस असाच विचार करतो. यादीनं.
मग मी विटेला कार्डिगन गुंडाळलं.

आवाज फार झाला नाही.
माझा हात कोपरापर्यंत आत, कडी चाचपडत,
आणि तू सोफ्यावरून उठून आलास,
कानयंत्रं चहाच्या बशीत ठेवलेली,
केस एका बाजूला उभे,
म्हणालास, "अगं, चहा टाकू का?"

आज शनिवार. जुनी लांबी तू छिन्नीनं काढलीस,
दगड झाली होती तिचा.
आपल्याकडे सुतार हिला लांबीच म्हणायचे,
आणि त्या बारक्या खिळ्यांना चुका.
"चुका दे," म्हणालास.
"किती?"
"सहा पुरेत."
हसलो दोघंही. एकाच गोष्टीला हसलो असं नाही.

नवी लांबी तळहातावर मळताना
जवसाच्या तेलाचा वास सुटला,
भाजलेले जवस, तिखट, लसूण जरा सढळ –
खिडकीकडे बघून मला भूक लागली.
तू अंगठ्यानं दाबत गेलास कडेकडेनं,
वरून सुरी तिरपी ओढलीस.
खालच्या कोपऱ्यात एक ठसा राहिला तुझ्या अंगठ्याचा.
मला दिसला. मी सांगितलं नाही.

बाकीची पाच तावदानं घराइतकी जुनी,
त्यांतून बघितलं की आयलाचं धुराडं डुलतं.
नव्या काचेत ते सरळ उभं आहे.
खटकतं डोळ्याला.
दहा दिवस रंग लावायचा नाही, म्हणालास,
वर साय धरू दे.

मग तू बाहेरून पुसायला लागलास, मी आतून.
तुझं फडकं माझ्या फडक्यामागे.
कानयंत्रं पुन्हा बशीत,
वाऱ्यात शिट्ट्या मारतात म्हणून.
मी म्हटलं,
त्या दिवशी तू गेलास असं वाटलं होतं मला.
काचेवर वाफेचा एक गोल उमटला.
तू मान हलवलीस,
बोट टेकवून काहीतरी दाखवलंस.
डाग.
तुझ्या ओठांवरून वाचलं मी:
आतून आहे. तुझ्या बाजूनं.